कळंबच्या ओट्यावर मोठ्यानं वाचण्यासाठी

बारामती,
१२ डिसेंबर १९९९

प्रिय स्वरूपा,

आणि तुझ्या तोंडून हे ऐकत असलेल्या कळंबच्या सगळ्या थोरामोठ्यांना नमस्कार. आमच्या दादांनी तुझ्या सासऱ्यांना, आबांना, जय भीम कळवलाय, तो आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी घाईत राहून जाईल.

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन खुशालीच्या. उरलेल्या दोन ओळींत तू लिहिलंयस की आबांनी कॉम्प्युटर क्लासच्या नोकरीला नको म्हटलंय, आणि यापुढं मी पत्रात कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल काही लिहू नये, कारण आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि घरात येणारं प्रत्येक पत्र संध्याकाळच्या चहानंतर ओट्यावर बसून तुलाच मोठ्यानं वाचावं लागतं. अगं बाई, हे तू मला लग्न झाल्या झाल्या सांगायचंस. मी आपली समजत होते की माझी पत्रं तू परसात एकटी उभी राहून वाचतेस आणि हसतेस. आता डोळ्यांसमोर येतंय ते असं: आबा खुर्चीत, तुझ्या सासूबाई प्रयागकाकू सुपात तांदूळ घेऊन, शेजारचे दोघंतिघं भिंतीला टेकलेले, आणि मधोमध तू, डोक्यावरचा पदर सावरत, शाळेत प्रतिज्ञा म्हणायचीस तशा खणखणीत आवाजात वाचतेयस, की काल मी एकटीनं चौघांना उडवलं, शेवटचा जिन्याखाली लपला होता त्याला मागून जाऊन गोळी घातली, आणि बॉम्ब लावावा तर तूच, तुझ्याइतकी सफाई इथं दुसऱ्या कुणाला जमत नाही. काय प्रेमानं लिहिलं होतं मी ते वाक्य.

त्यात आबा गावचे पोलीस पाटील राहिलेले. दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर हे वाचलं गेलं असतं तर लोकांनी काहीतरी नाटकाबिटकाचं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण गावात परका माणूस मुक्कामाला आला तरी ठाण्याला वर्दी देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी सुनेच्या मैत्रिणीनं चार खून केल्याचं ऐकून काय करावं? त्यांनी केलं ते बरोबरच केलं. ट्रॅक्टरवरच्या सिद्धूला पाठवलं. सिद्धू पार्ट आणायच्या निमित्तानं बारामतीला आला आणि आमच्या क्लासच्या दारात उभा राहिला. चप्पल काढल्याशिवाय आत सोडत नाहीत हे तुला माहीतच आहे. त्याच्या पायात नाड्यांचे बूट, त्यामुळं तो उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून बघत होता. मला म्हणाला, "ताई, हितं करुणा कोन हाय?" मीच, म्हटलं, तर दोन पावलं मागं सरला. नंतर त्यानं आबांना जी खबर दिली ती मला तुझ्या अहोंनी, ऋषिराज भाऊजींनी सांगितली. एमआयडीसीत कामाला जाता जाता क्लासपुढं मोटारसायकल उभी करून ते पोट धरून हसत होते. "आवाज तर गोळ्यांचाच येतुय आबा, पर रगात कुठं दिसलं न्हाय. पोरं हसत्यात." तोवर प्रयागकाकूंनी विळीसुद्धा फळीवर चढवून ठेवली होती म्हणे. काकू, आता खाली घ्या, चिरायला काय वापरताय तुम्ही?

खुनाचा आळ गेला, पण तुझी नोकरी काही परत आली नाही. भाऊजींनी आबांचे पुढचे शब्दही सांगितले: "खेळ हाय ते कळलं. पर त्यात डोकं काय लागतंय? बटन दाबलं की मानूस मरतुय. आन् ज्या पोरीनं दोन वर्सं ह्यात घालवली, ती पोरांना काय शिकवनार?" तुला माझा राग माहीत आहे. मी जेवणाचा डबा तसाच टाकून उठले आणि बँकेपर्यंत चालत जाऊन परत आले. परत येईपर्यंत मात्र वाटायला लागलं की आबांचा प्रश्न काही चुकीचा नाही. आपण दोघी दोन वर्षं दुसऱ्या कशावर भांडलो? कुठल्या गेमला किती कसब लागतं, यावरच ना. एसटी स्टँडपर्यंत भांडत जायचो, तुझी पणदऱ्याची गाडी लागली तरी तू पायरीवर उभी राहून शेवटचा मुद्दा सांगायचीस, कंडक्टर ओरडायचा. तेव्हा या पत्रात मी आबांच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. वेळ फार नाही. आपल्या क्लासच्या रविंद्र सरांनी कळंबच्या डेअरीशेजारचा गाळा घेतलाय, चार मशीन आल्यात, संक्रांतीपासून क्लास सुरू. त्यांना शिकवायला तूच हवी आहेस, पण तुझा होकार आला नाही तर इंदापूरचा एक मुलगा तयार आहे. आणि तुला ही नोकरी हवी आहे. कार्डात तू ते लिहिलं नाहीस, पण तू जेव्हा एखादी गोष्ट फार मागायची असते तेव्हाच तिच्याबद्दल एक अक्षर काढत नाहीस. हे वाक्यही वाच, गाळू नकोस.

सोप्यापासून सुरुवात करते. दर रविवारी दुपारी क्लास सुटला की सर आम्हाला मशीन खेळायला द्यायचे. अट एकच, जाताना सगळ्या मॉनिटरवर कापड टाकायचं. पहिला गेम तो जुना, बोळांचा. लांबच लांब बोळ, दारं, आणि दारामागं राक्षस. त्यात माऊससुद्धा लागत नाही, चार बाणांची बटनं आणि एक गोळीचं. वर बघता येत नाही, खाली बघता येत नाही, तोंड राक्षसाकडं केलं की नेम आपोआप लागतो. तेव्हा आबांचं म्हणणं या गेमला अगदी लागू आहे, बटन दाबलं की मेला. कसब म्हणाल तर कुठलं दार कुठं उघडतं एवढं लक्षात ठेवायचं. आपण दोघींनी तो आठवड्याभरात संपवला आणि नाकं मुरडली. पण स्वरूपा, त्याच गेमचं तू जे केलंस ते इथं सांगायलाच हवं. म्हाळसाबाई आठवतात? डेअरीच्या ऑफिसातल्या, पन्नाशीच्या, बिलाचं काम शिकायला आलेल्या. माऊस सोडाच, कीबोर्डलासुद्धा त्या हात लावायच्या नाहीत, एक बटन चुकून दाबलं तर मशीन जळेल असं वाटायचं त्यांना. सर वैतागले होते, मी तर त्यांच्या मागं उभी राहून माझाच हात पुढं करायचे. तू एका दुपारी त्यांना तो बोळांचा गेम लावून दिलास, आधी सगळे राक्षस मारून ठेवलेस, आणि म्हणालीस, "बाई, कुनी न्हाय आत. नुसतं फिरून या." दुपारभर बाई रिकाम्या बोळातून फिरत होत्या. दार उघडलं की स्वतःशीच हसत होत्या. आता डेअरीची सगळी बिलं त्याच काढतात आणि नव्या पोरांना दमात घेतात. गेमला कसब कमी लागत होतं, म्हणूनच तो तिथं उपयोगी पडला, हे मला सुचलं नव्हतं आणि तुला सुचलं.

दुसरा गेम माझा. उड्यांचा. यात सगळे सगळ्यांचे वैरी. मरण म्हणजे काहीच नाही, मेलात की पुढच्या क्षणी दुसऱ्या कोपऱ्यात उभे, पुन्हा पळा. पण हात बघ कसे लागतात: डावा हात पळवतो, उजवा हात बघतो आणि मारतो, आणि दोघांना एकमेकांची वाट बघत बसायला सवड नाही. एकीकडं पळायचं, दुसरीकडं बघायचं, उडी हवेत असतानाच मागं वळून गोळी झाडायची. शिवाय चिलखत कुठं आणि किती वेळानं पुन्हा येतं त्याचा हिशेब डोक्यात चालू ठेवायचा, चुलीवर दूध आणि तव्यावर भाकरी असताना आपण ठेवतो तसा. यात नशीब चालत नाही. चांगला खेळणारा कच्च्या माणसाला प्रत्येक वेळी हरवतो, म्हणून माझं म्हणणं होतं की सगळ्यात जास्त कसब यालाच. बारामतीत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय, हे मी उगाच नम्रपणे सांगत बसणार नाही. तुलाही दर वेळी हरवायचे. तू उठून माठातलं पाणी प्यायचीस आणि म्हणायचीस, "हात लई जोरात हाय तुजा. पन तू आदी बघत न्हायस." मला वाटायचं, हरलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं, बोलू दे.

आणि मग तुझा गेम, दोन टोळ्यांचा. आबा, ज्या बॉम्बनं एवढा घोळ घातला तो यातला. एका टोळीनं तो लावायचा, दुसरीनं निकामी करायचा, सगळं पडद्यावर. यात प्रत्येकाला डावात एकच जीव. डोक्याला एक गोळी लागली की बाद, आणि डाव संपेपर्यंत हात बांधून बसायचं. मी म्हणायचे, यात कसलं कसब, काल आलेलं पोर डोळे मिटून गोळी झाडतं आणि मी मरते. तू म्हणायचीस, "जितं गोळी येनार हाय तितं उभंच ऱ्हायचं न्हाय, ही बी कलाच हाय की." आणि तू खरोखरच तिथं नसायचीस. डोक्याला ते मोठे हेडफोन लावून डोळे बारीक करून बसायचीस आणि सांगायचीस, दोघं येतायत डावीकडनं, पत्र्यावर चढले, एक थांबला. पत्र्यावरचं पाऊल, खडीवरचं पाऊल, लाकडी जिन्यावरचं पाऊल तुला वेगवेगळं ऐकू यायचं. आम्हाला नुसता धाडधाड आवाज. पण तुझ्या गेममधलं सगळ्यात अवघड काम तू खेळताना नाही, बाद झाल्यावर करायचीस. मोठ्या शहरात खेळणारे लांब लांब बसलेले असतात, आपण सगळे एका खोलीत. बाद झालेल्या माणसाला सगळं दिसत असतं, वैरी कुठं लपलाय तेही. सरांचा नियम होता की बाद झालेल्यानं बोलायचं नाही. आमचा बुद्धघोष, माझा सख्खा भाऊ, बाद झाला की त्याला हमखास खोकला यायचा. एकदा खोकला म्हणजे वैरी डावीकडं, दोनदा म्हणजे उजवीकडं. अख्ख्या क्लासला साथ आल्यासारखे सगळे खोकायचे. फक्त तू ओढणीचं टोक दातांत धरून बसायचीस, डोळ्यांदेखत मी मरायला निघालेली असले तरी. तुझ्यामुळं आपण किती डाव हरलो याची गणती नाही, आणि मी त्यावरून तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. तू तरीही पुढच्या रविवारी गप्पच बसलीस.

फोनवरच्या खेळाचंही सांगते, कारण त्याशिवाय आबांना तुझं माहेर कळणार नाही. सरांचा भाचा पुण्यात. सर फोनची तार मशीनला जोडायचे, मोडेम कुईकुई करायचा, आणि मग पुण्याचा मुलगा आपल्या उड्यांच्या गेममध्ये येऊन उभा राहायचा. सरांच्या मिसेस, वहिनी, आतून ओरडायच्या की माझ्या माहेरचा फोन लागत नाही. या खेळात एक मोठी खोट होती. तारेतून चित्र यायला उशीर लागतो, त्यामुळं समोरचा जिथं दिसतो तिथं तो नसतोच, पुढं निघून गेलेला असतो. मी, बारामतीची अजिंक्य, भाच्यावर गोळ्यांचा पाऊस पाडायचे आणि एक लागायची नाही. मी मशीनला शिव्या दिल्या, टेलिफोन खात्याला दिल्या. मग तू बसलीस. तू आधी माऊस उलटा करून त्याच्यातली गोळी काढलीस, आतला मळ नखानं खरवडलास, ओढणीला पुसलीस, परत बसवलीस. हे तू नेहमीच करायचीस, पण त्या दिवशी मला वाटलं, अगं फोनचं बिल चढतंय, आटप. आणि मग तू दाराशेजारच्या रिकाम्या जागेवर गोळी झाडलीस. तिथं कुणीच नव्हतं. भाचा चालत आला आणि त्या गोळीवर आदळला. पुन्हा, पुन्हा तसंच. मी विचारलं, कसं केलंस, तर म्हणालीस की लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे, गोफण होती. "पाखरावर दगूड मारायचा न्हाय. पाखरू जितं जानार तितं मारायचा." भाच्यानं नंतर फोन करून सरांना विचारलं, तो मुलगा कोण आहे. सरांनी फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं, मुलगा नाही, पणदऱ्याची स्वरूपा आहे. तू कानापर्यंत लाल झाली होतीस. आत्ताही झाली असशील. होऊ दे, वाचत राहा.

तू गेल्यावर आम्ही अजून खेळतो. उड्यांच्या गेममध्ये मी अजून जिंकते. दोन टोळ्यांच्या गेममध्ये मात्र आमची टोळी तुझ्या लग्नापासून एकदाही धड जिंकलेली नाही. तुला मागच्या पत्रात चौघांना उडवल्याचं लिहिलं, पण त्या दिवशीही डाव हरलोच होतो, ते लिहायचं राहिलं होतं. सगळे हुशार आहेत, हात माझ्यासारखेच जोरात आहेत, पण कोण कुठून येतंय ते सांगणारं कुणी नाही. मी हेडफोन लावून बसून पाहिलं, मला नुसता धाडधाडच ऐकू येतो. मी ठरवून महिनाभर हळू खेळायचा प्रयत्न केला, दर वेळी मध्येच धीर सुटला आणि मी पळत सुटले. तेव्हा भांडणाचा निकाल असा, स्वरूपा. उड्यांच्या गेमला हाताचं कसब जास्त लागतं, यावर मी अजून ठाम आहे. पण ते शिकवता येतं. बुद्धघोषसारख्या आळशालासुद्धा मी ते शिकवलं. तुझ्या गेमला जे लागतं ते मला कुणाला शिकवता आलेलं नाही, मला स्वतःलाही नाही. तू जिंकलीस. आणि दुसरं असं की, एकटीनं जिंकून घरी आलं की ते सांगायचं कुणाला? मला तुझी फार आठवण येते. रविवारी दुपारी तर येतेच येते.

इकडच्या बातम्या थोडक्यात. मला बघायला फलटणचे लोक येऊन गेले. मुलानं विचारलं, छंद काय, मी खरं ते सांगितलं. आईनं टेबलाखालून पाय मारला तो मुलाच्याच नडगीला लागला. त्यांचा अजून निरोप नाही. क्लासला या महिन्यात नवीन प्रवेश कमी आहेत, कारण एक जानेवारीला जगातली सगळी मशीन बंद पडणार आहेत असं कुणीतरी पेपरात वाचलंय. सर प्रत्येकाला समजावतात की बाबा, घड्याळ पुढं करून बघितलं, आपली चालू राहतात. लोक म्हणतात, तरी पण फेब्रुवारीत बघू. दादा पुढच्या महिन्यात बँकेतून निवृत्त होतायत आणि घरात बसून माझ्या मागं लागणार आहेत. त्यांना मी बोळांचा गेम लावून देणार आहे, राक्षस मारून ठेवून.

आता आबा, थोडं तुमच्याशी बोलते. तुम्ही मोठे आहात, माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. मागचं माझं पत्र तुम्ही ऐकलंत ते कुणाच्या तोंडून? तुम्हाला दिसत नाही, काकूंना वाचता येत नाही, भाऊजी कामावर. कागद एकट्या स्वरूपाच्या हातात होता. तिला गोळीची ओळ दिसली तेव्हाच कळलं असणार की ही वाचली तर घरात काय होईल आणि नोकरीचं काय होईल. तिनं ती ओळ गाळली असती तर तुम्हाला काय, ब्रह्मदेवाला कळलं नसतं. तिच्या जागी मी असते तर मी गाळली असती, वर हवापाण्याची दोन वाक्यं माझ्या पदरची घातली असती. तिनं गाळली नाही. जसं लिहिलं होतं तसं, शेवटच्या बॉम्बपर्यंत वाचलं. तुमच्यापासून लपवून नोकरी मिळवायची नाही, असं तिचं असणार. कळंबच्या पोरांना शिकवायला कोण हवं, दुसऱ्यांची मुलं आणि क्लासची किल्ली कुणाच्या हातात द्यायची, याचा विचार सर जेव्हा करत होते तेव्हा त्यांना हे पत्रप्रकरण माहीतही नव्हतं. त्यांनी तिला ओढणी दातांत धरून बसलेलं पाहिलं होतं, म्हाळसाबाईंच्या मागं हात न लावता उभं राहिलेलं पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत, त्यात डोकं काय लागतंय. मला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तुम्हाला पटलं नाही तर एखाद्या रविवारी बारामतीला या, मी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवते आणि सिद्धूला सांगा, या वेळी चपला घालून ये.

स्वरूपा, आता तुला कळलं असेल हे एवढं लांबलचक पत्र मी का लिहिलं. आबांना गेम समजावेत एवढ्यासाठी मी चार ओळींत भागवलं असतं. पण मला तू माहीत आहेस. नको म्हटल्यावर तू "बरं" म्हणाली असशील आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं असशील. स्वतःविषयी चांगलं बोलायची तुझी जीभ उचलत नाही, माहेरीही उचलत नव्हती. मग विचार केला, पत्र आलं की तिला वाचावंच लागतं, आणि ती एक ओळ गाळत नाही. म्हणून तुझ्याबद्दलचं सगळं मी तुझ्याच आवाजात तुझ्या घरच्यांना ऐकवलं. माझं बोलणं इथं संपलं. खाली एक ओळ राहिली आहे, ती माझी नाही, तुझी आहे. ती मनात एकदा वाच, मग कागद खाली ठेव, आबांकडं बघ, आणि तुझ्या तोंडानं म्हण:

आबा, मला शिकवायला जायचं हाय.

तुझीच,
करुणा